हाय-टॉप घ्यायचा? आधी टाच बघा!

नमस्कार मंडळी! आज टेबलावर आहे कन्व्हर्स कंपनीचा कापडी बूट चक ७०, काळा हाय-टॉप, म्हणजे घोटा झाकणारा. त्याच कंपनीचा साधा ऑल स्टार नागपूरच्या बर्डी बाजारात अर्ध्या कॉलेजच्या पायात दिसते, मग याच्यासाठी जास्तीचे पैसे काऊन मोजायचे? सांगतो.

ऑल स्टार १९१७ चा, बास्केटबॉलचा बूट. घोट्यावरच्या गोल बिल्ल्यावर चक टेलर या बास्केटबॉलपटू-विक्रेत्याचं नाव १९३० च्या दशकात आलं. चक ७० म्हणजे १९७० च्या दशकातल्या बनावटीची नवी आवृत्ती, २०१३ मध्ये आलेली.

आता जवळून पाहा. कापड चिमटीत धरा. साध्यापेक्षा जाड, भरदार लागते. खालची रबरी पट्टी उंच, चकचकीत, पांढऱ्याऐवजी सायीच्या रंगाची. टाचेवरचं लेबल काळं. आत बोट घाला, अंगठ्यानं दाबा: गादी दबते आणि परत वर येते. फरक खरा इथे आहे. बाकी रंगरूप आपापल्या हौसेचा भाग.

फिटिंगचं नीट ऐका, कारण लोक चुकतात इथेच. हा बूट मापाला मोठा येतो. नेहमीच्या नंबरापेक्षा अर्धा नंबर कमी घालून पाहा. पंजा रुंद असेल तर मात्र घाई नको, दोन्ही नंबर घालून बघा. संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. मोजे घाला, नाडी पूर्ण बांधा, दुकानात चार फेऱ्या मारा. टाच वर उचलली जाऊन राहिली आहे का? मग नंबर मोठा आहे, दुकानदार 'नंतर बसते' म्हणाला तरी. आणि घोट्याला आधार मिळतो असं कोणी म्हणालं तर हसून सोडा. हे कापड आहे, पट्टा नाही.

चालताना? सपाट. टाच आणि पंजा जवळपास एकाच पातळीत, कमानीला आधार फारसा नाही. फुटाळा तलावावर संध्याकाळचा फेरफटका मजेत होते, पण दिवसभर उभं राहायचं काम असेल तर पोटऱ्या बोलतात.

आणि आपला मे महिना! पारा पंचेचाळीसच्या पार गेला की बुटाच्या आतल्या बाजूची हवेसाठीची दोन भोकं काही उपयोगाची नाहीत, पाय उकडतोच. पावसात कापड भिजते, लवकर वाळत नाही. म्हणून मी म्हणतो, दिवाळीनंतर घ्या. तोवर पैसेही जमतात.

जाता जाता, नवीन असताना वरचं शेवटचं भोक नाडीशिवाय सोडा. घोटा घासत नाही, आणि दिसतेही भारी.