दुधाकडे पाहणं आणि अणूकडे पाहणं

गॅसवर दूध ठेवलं की आई बजावते, ‘लक्ष ठेव गं.’ आपण ठेवतो. पाच मिनिटं काही होत नाही, आणि जरा मान वळवली की दूध उतू गेलेलं असतं. नजर होती तोवर दूध थांबलं होतं, असं वाटतं. दुधाला नजर कळत नाही. अणूच्या बाबतीत मात्र असं थांबणं खरंच घडतं.

१९७७ साली बैद्यनाथ मिश्र आणि ई. सी. जी. सुदर्शन या भौतिकशास्त्रज्ञांनी हे गणिताने दाखवलं. सुदर्शन मूळचे केरळचे. तरुणपणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करून अमेरिकेला गेलेले. सुटलेला बाण हलूच शकत नाही म्हणणाऱ्या ग्रीक झेनोचं नाव त्यांनी या कोड्याला दिलं.

अणू ‘अ’ स्थितीतून ‘ब’मध्ये जाताना मध्ये दोन्हींच्या सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन्ही स्थितींच्या मिश्रणात असतो. सुरुवातीला ‘ब’चा वाटा वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे निम्म्या वेळात फक्त पाव बदल. तेव्हाच तपासलं तर अणू बहुधा ‘अ’मध्येच सापडतो, आणि सापडला की मोजणी पुन्हा शून्यापासून! दोनदा पाव म्हणजे अर्धाच. दहा तुकडे केले तर एकूण बदल एक दशांशावर येतो. मला हा हिशेब फार सुंदर वाटतो.

१९९० मध्ये अमेरिकेत बोल्डरला वेन इटानो आणि सहकाऱ्यांनी तो करून पाहिला. सुमारे ५,००० बेरिलियम आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, घेतले. २५६ मिलिसेकंद रेडिओलहरी सोडल्या की ते दुसऱ्या स्थितीत पोचत. पण तेवढ्याच वेळात अतिनील लेसरने ६४ वेळा तपासलं, तेव्हा बहुतेक सगळे जागच्या जागी राहिले.

इथे ‘तपासलं’ म्हणजे कुणी डोळे लावून बसलं नव्हतं. एका स्थितीतले आयन लेसरमध्ये चमकतात, दुसऱ्या स्थितीतले अंधारे राहतात. आयनची खबर प्रकाशाबरोबर बाहेर गेली की झालं निरीक्षण. ती कुणी वाचो न वाचो. मनाच्या जोरावर वास्तव बदलतं, असं क्वांटमच्या, म्हणजे अणूंच्या जगाच्या या विज्ञानाच्या, नावाने सांगितलं जातं, तेव्हा मला वाईट वाटतं. एवढ्या मेहनतीने कळलेली गोष्ट त्यात हरवते.

मग चिंचेने लख्ख घासलेला तांब्याचा हंडा चार दिवसांत का काळवंडतो? त्याच्यावर तर उजेड आणि हवेचे रेणू अखंड आदळत असतात, म्हणजे निरीक्षण चालूच आहे. पण वर्गाच्या हिशेबाचा तो सुरुवातीचा काळ अशा ठिकाणी अतिशय छोटा असतो. तो सरला की बदल सरळ वेळेच्या प्रमाणात होतो: निम्म्या वेळात निम्मा, दोनदा मिळून पुरा. कितीदाही तपासा, बेरीज तीच. दुधाचंही तसंच.

आणि निरीक्षणाने बदल थांबतोच असंही नाही. सुदर्शन ज्या टेक्सास विद्यापीठात शिकवत, तिथेच ऑस्टिनला २००१ मध्ये मार्क रायझन यांच्या गटाने अतिथंड सोडियम अणूंवर प्रयोग केला. फार लवकर लवकर तपासलं तेव्हा सापळ्यातून अणूंची गळती मंदावली. दोन तपासण्यांमधलं अंतर थोडं वाढवलं, तर तीच गळती वेगाने होऊ लागली.