धान्यातलं नायट्रेट, थेंबाथेंबानं

[परखी पोत्यात शिरते]
धान्यात नायट्रेट, म्हणजे नायट्रोजन असलेला क्षार, किती आहे हे मोजायचं आहे. पोत्यात परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, खुपसली, की तिच्या खोबणीतून दाणे आपसूक तळहातावर घरंगळतात. वरचे, मधले, तळाचे, सगळीकडचे दाणे हवेत. एका पोत्यातलं धान्य एकाच शेतातलं असेल, याची खात्री कोण देणार?

[ढीग, चार भाग]
सगळं एकत्र करून ढीग घालायचा, त्याचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले बाजूला सारायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, नमुना ओंजळभर उरेपर्यंत. पुढचं यंत्र कितीही महागडं असो, इथे गफलत झाली तर आकडा चुकलाच.

[पीठ गरम पाण्यात]
नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं. पण पिठातून प्रथिनं आणि स्टार्चही उतरतात, द्रावण दुधाळ होतं. कॅरेझची दोन द्रावणं, म्हणजे गढूळपणा साकळवणारी रसायनं, एकामागोमाग एक घातली, की गढूळपणा खाली बसतो. वर राहतं ते नितळ.

[गाळण]
आता गाळायचं. गंमत अशी, की गाळणकागदातच नायट्रेटचा अंश असू शकतो. पालकाच्या नमुन्यात तो खपून जातो, धान्यात नाही. मुळांनी शोषलेलं नायट्रेट देठापानांत साठतं; दाण्याकडे नायट्रोजन पोचतो तो बहुतांशी अमिनो आम्लांच्या रूपात. मोजायचं आहे तेच इतकं थोडं. म्हणून कागद आधी धुवून घेतात, आणि पिठाशिवायचा एक कोरा नमुनाही याच सगळ्या पायऱ्यांतून नेतात.

[कॅडमियमचा स्तंभ, जवळून]
नायट्रेट स्वतः रंग देत नाही. तांब्याचा थर चढवलेल्या कॅडमियमच्या कणांमधून झिरपताना त्याचं नायट्राइट होतं. त्यात सल्फॅनिलअमाइड, मग दुसरं अभिकर्मक...

[रंग चढतो, दोन सेकंद निवेदन नाही]
ही ग्रीस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची अभिक्रिया, १८७९ सालची. रंग जितका गडद, तितकं नायट्राइट जास्त. ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो मोजायचा आणि धान्यात मुळातच असलेलं नायट्राइट वजा करायचं. कॅडमियम विषारी, म्हणून काही ठिकाणी हेच काम विकराकडून करून घेतात. आयन क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे द्रावणातले आयन वेगवेगळे करून मोजण्यात, तर रंगाची गरजच नाही, पण ते यंत्र सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही.

[आलेख]
शरीरात नायट्रेटच्या काही भागाचं नायट्राइट होतं, आणि त्याचं प्रमाण वाढलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. नायट्रेटची रोजची स्वीकारार्ह मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ३.७ मिलिग्रॅम, साठ किलोच्या माणसाला २२२.

युरोपीय संघाने बाळांच्या धान्याधारित आहारासाठी किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. पालक, लेट्यूसलाही मर्यादा आहेत. गहू-तांदळाच्या साध्या पोत्याला तिथे असा आकडा नाही. धान्यात नायट्रेट कमी, हे खरं. पण धान्य रोज पोटात जातं आणि भरपूर जातं, तेव्हा कमी म्हणजे किती, हे मोजूनच सांगायला हवं.

[नोंदवही]
दर किलोमागे मिलिग्रॅम. शेजारी धान्यातल्या ओलाव्याची टक्केवारी. ती नसेल तर ओल्या आणि वाळलेल्या पोत्याची तुलनाच होणार नाही.