नऊ एक, सतरा आकडे आणि डोंबिवली

(दृश्य: डोंबिवली स्टेशन, सकाळची फास्ट लोकल, ब्रिजवरची गर्दी)

हे डोंबिवली. मुंबईपासून तीसेक मैल. जी.आय.पी. रेल्वेच्या, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या जुन्या काळात या स्टेशनाला डेमलो म्हणायचे, आणि इथेच गणितज्ञ द. रा. कापरेकरांना एका जातीच्या संख्या सुचल्या, म्हणून त्यांचं नावच पडलं डेमलो संख्या. कापरेकर म्हटलं की सगळे ६१७४ हा त्यांचा स्थिरांक सांगतात. ही आपल्या सेंट्रल लाइनवरची गोष्ट मात्र कोणी काढत नाही.

(दृश्य: दादर, क्लासची खोली, फळा, खडू धरलेला हात)

आता फळ्याकडे बघा. नऊ वेळा एक, १११११११११, आणि त्याला त्यानेच गुणायचं. पाढे लागतच नाहीत, दरवेळी तीच ओळ उतरवायची, फक्त एकेक घर डावीकडे सरकवून, अशा नऊ ओळी. मग उभी बेरीज. उजव्या टोकाला एकच एक, शेजारी दोन, मग तीन, असं करत मधल्या रकान्यात पुरे नऊ, तिथून पुढे परत एकेक कमी. त्या ब्रिजच्या जिन्यासारखंच, इकडून चढा तिकडून उतरा. हातचा कुठेच नाही! उत्तर, १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडे. जुन्या एकं-दहंमध्ये सतराव्या स्थानाचं नाव 'मध्य', शेवटच्या 'परार्ध' या स्थानाच्या एक घर अलीकडे.

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन)

हाच गुणाकार एक्सेलमध्ये टाकला, तर शेवटच्या २१ च्या जागी चक्क दोन शून्यं. एक्सेल पंधराच आकडे धरतं, पुढचं सोडून देतं. खडू जिंकला.

(दृश्य: परत फळा, मधल्या ९ भोवती गोल)

मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, करा बेरीज. ९९९९९९९९. दोन टोकं मिळून मधलाच आकडा सगळीकडे, हीच डेमलोची खूण. १२३२१ घ्या, १२ आणि २१, झाले ३३, मध्ये ३. घरी करून बघा, खरंच.

ती सतरा आकडी संख्या अजून फोडायची तर मूळ अवयव तीनच, ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. एकूण विभाजक ४५, म्हणजे विषम, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे. आणि सगळ्या आकड्यांची बेरीज ८१, तोही वर्गच.

(दृश्य: देवळाली, शाळेची इमारत)

कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर, एम.ए. वगैरे काही नाही, आणि १९७५ मध्ये गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिलं तेव्हा कुठे जगभर नाव झालं.

(दृश्य: फळा पुसला जातो, नवी ओळ)

आता अजून एक १ वाढवू, म्हणजे दहा वेळा एक, आणि त्याला त्यानेच गुणू. मधल्या रकान्यात दहा येतात, म्हणजे हातचा आलाच, आणि तो पुढे ढकलत ढकलत उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना ८ गायब, मध्ये दोन शून्यं, उतरताना मात्र सगळे आकडे जागच्या जागी.