पार्थेनॉनचे घोडेस्वार

श्रोतेहो, नमस्कार. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात गाभाऱ्याभोवती, भिंतींच्या माथ्यावर, एक शिल्पपट्ट कोरलेला होता. लांबी सुमारे १६० मीटर, उंची जेमतेम एक मीटर, काळ इसवी सनापूर्वी ४४० च्या आसपासचा. देवी अथेनाच्या उत्सवाची मिरवणूक त्यावर चालली आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात सगळ्यात जास्त जागा मिळाली आहे घोडेस्वारांना.

दक्षिणेच्या बाजूला ६० स्वार आहेत, सहा-सहांच्या दहा तुकड्या. प्रत्येक तुकडीचा पोशाख वेगळा. सहाही घोडे एकमेकांना झाकत दौडतात आणि तरी प्रत्येक घोडा वेगळा दिसतो. आता दगडाची खोली ऐका: जास्तीत जास्त पाच-सहा सेंटिमीटर! एवढ्यात सहा स्वार बसवायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला काही मिलिमीटरच येतात. छिन्नी थोडी जास्त खोल गेली, की मागच्या घोड्याला दगडच उरत नाही. म्हणून पुढच्या आकृतीची कड मात्र तीक्ष्ण ठेवलेली असते. तिची सावली मागच्या घोड्यावर पडते आणि अंतर भासतं.

पट्ट जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंच, तोही खांबांच्या आड. थेट ऊन नाही; उजेड यायचा तो खालच्या फरशीवरून उसळून. शिवाय बघणारा मान वर करून बघणार. म्हणून वरचा भाग, म्हणजे डोकी आणि खांदे, जास्त उठावाचा केला आणि घोड्यांचे पाय उथळ ठेवले.

घोडे स्वारांच्या मानाने लहान वाटतात. ग्रीकांचे घोडे लहानखुरे होतेच, पण खरं कारण पट्टाच्या उंचीत आहे. उभी माणसं आणि स्वार यांची डोकी एका रेषेत आणायची, तर घोडा लहान करण्यावाचून गत्यंतर नाही. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यामुळेच मिरवणुकीची लय कुठे तुटत नाही.

स्वारांच्या मुठी रिकाम्या दिसतात. लगाम धातूचे होते, वेगळे बसवलेले. ते गेले, घोड्यांच्या तोंडाजवळ आणि मुठींत बारीक भोकं राहिली. रंगही होते, तेही गेले. रिकिबी मात्र शोधू नका. त्या काळी ग्रीसमध्ये त्या नव्हत्याच. पाय मोकळे लोंबतात आणि सगळी पकड मांड्यांत असते.

आज हा पट्ट मुख्यतः लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि अथेन्सचं अक्रोपोलिस म्युझियम यांत विभागलेला आहे. दोन्हीकडे तो मूळ उंचीपेक्षा बराच खाली लावला आहे. तेव्हा शक्य असेल तर समोर खाली बसा आणि वर बघा.