डॉक्टर, तुमची वेबसाइट कुणाच्या नावावर आहे?

नमस्कार श्रोतेहो. आज डॉक्टरमंडळींशी बोलायचं आहे. पण पेशंट म्हणून ऐकणाऱ्यांनी उठून जाऊ नये, वेबसाइट शेवटी तुम्हीच उघडणार आहात.

दवाखान्याची वेबसाइट करायची म्हटली की डिझायनर लॅपटॉपवर झगमगीत नमुने दाखवतो. हसरे परदेशी डॉक्टर, वर ‘शंभर टक्के खात्रीशीर उपचार’, खाली पेशंटची स्तुतिसुमनं. डॉक्टर खूश! पण मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरला पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करता येत नाही. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेर आहे, परत आलो, फी इतकी, असं जाहीर करायला मुभा आहे. थोडक्यात, दाराबाहेरच्या पाटीवर शोभेल तेवढंच. ओळखू येईल असा पेशंटचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय टाकायचा नाही. अमुक औषधानं मधुमेह बरा होतो असं लिहिलं, तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आडवा येतो. आणि सोनोग्राफीवाल्यांनी तर डोळ्यांत तेल घालून प्रत्येक ओळ वाचावी. परदेशी साच्यातलं ‘मुलगा की मुलगी’ असलं एखादं वाक्य चुकून राहिलं, तर गर्भलिंगनिदानाचा १९९४ चा कायदा इंटरनेटवरची जाहिरातही सोडत नाही. म्हणून डिझायनरला पहिल्याच भेटीत विचारा, याआधी दवाखान्याचं काम केलंय का? कपड्यांच्या दुकानाची साइट सुंदर केली असेल, पण तिथं सेल लावता येतो.

अपॉइंटमेंटच्या फॉर्मवर नाव, फोन, सोयीची वेळ. बस्स. आजार कशाला विचारायचा? कामापुरतीच माहिती घ्या, हे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचंही म्हणणं आहे. आणि तो फॉर्म भरल्यावर कुणाच्या ईमेलवर जातो, तेही बघा. बऱ्याचदा एक प्रत डिझायनरकडे जात असते.

आता भाषा. मिरजेसारख्या गावात सीमेपलीकडून कन्नड बोलणारे पेशंट येतात. तिथं मराठीबरोबर कन्नड पान हवंच, इंग्रजी मागाहून आलं तरी चालेल. मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर सारखाच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करून घ्या. प्रेसमधल्या जुन्या फॉन्टातला मजकूर साइटवर वेडावाकडा दिसतो, मग डिझायनर त्याचं चित्र करून चिकटवतो. अशा चित्रातला पत्ता कॉपी होत नाही, आणि अंध माणसाचा मोबाइल तो वाचूनही दाखवत नाही. पेशंटचे नातेवाईक साइट बघणार ती रिक्षात बसून, मोबाइलवर. फोन नंबर वरच, बोट लावताच कॉल लागेल असा असू द्या.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती डोमेनवरून, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून. डिझायनर पटकन स्वतःच्या ईमेलवरून डोमेन घेऊन टाकतो. तेव्हा सोयीचं वाटतं. पुढे तो नोकरीला पुण्याला गेला, नूतनीकरण राहिलं, की दवाखान्याचा हा इंटरनेटवरचा पत्ता दुसऱ्याच कुणाच्या हातात. म्हणून डोमेन आणि होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, डॉक्टरांच्या नावानं, डॉक्टरांच्या ईमेलवरून, बिलही त्यांच्याच नावाचं. वर्षाला किती भरायचे आणि ओपीडीची वेळ बदलायला वेगळे पैसे लागतील का, हे आधीच कागदावर घ्या. शेवटचा हप्ता मात्र लगेच देऊ नका. पासवर्ड हातात येऊ द्या, तुमच्या रिसेप्शनिस्टला समोर बसवा आणि दिवाळीच्या सुट्टीची सूचना तिला स्वतःला टाकता येते का, ते बघा. आली, तर द्या पैसे.

नमस्कार.