राबत्या हातातलं घड्याळ

मंडळी, तुमच्यातले कुणी दिंडोरी-निफाडकडच्या बागांत फवारणी करतात, कुणी सातपूर-अंबडला मशीनवर उभे असतात, कुणी बांधकामावर. दुकानात गेलं की जाडजूड घड्याळ मजबूत वाटतं. मी घड्याळं दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर मारानं बंद पडलेल्यांपेक्षा पाणी जाऊन बंद पडलेली घड्याळं जास्त येतात. म्हणून आधी पाण्याचं बोलतो.

पाणी शिरतं ते बहुतेक वेळा चावीच्या जागेतून, नाहीतर मागच्या झाकणातून. दोन्हीकडे एक बारीक रबरी रिंग असते, सगळी मदार तिच्यावर. डायलवर ३० मीटर लिहिलंय म्हणून तेवढ्या खोल बुडी मारायची नसते. ते स्थिर पाण्याच्या दाबाचं माप आहे. हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे, एवढंच त्यात धरा. विहिरीत पोहत असाल, मोटारीच्या धारेखाली हात धरत असाल, तर १०० मीटरचंच घ्या, आणि काट्याचं असेल तर फिरवून घट्ट बसणाऱ्या चावीचं बघा.

अजून एक गोष्ट फार कमी लोक ध्यानात घेतात. उन्हात तापलेलं घड्याळ तसंच हौदाच्या गार पाण्यात गेलं, की आतली हवा आकसते आणि आतला दाब कमी होतो. रिंग जुनी झाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. काचेच्या आत वाफ दिसली तर ती आपोआप जाईल म्हणून थांबू नका, लगेच उघडून घ्या. गंज वाट बघत नाही. सेल बदलताना रिंगही बदलायला सांगा. थिनर किंवा फवारणीचं औषध लागलं तर लगेच पुसून काढा, रबर आणि पट्टा दोन्ही टिकतात.

मारासाठी चावी देऊन चालणाऱ्या यंत्रापेक्षा सेलवरचं बरं, आणि त्यातही डिजिटल, कारण काटे-चाकं नसल्यानं निखळायला फारसं काही उरत नाही. कॅसिओच्या किकुओ इबे यांनी १९८३मध्ये पहिलं जी-शॉक घड्याळ आणलं, त्यात यंत्र बाहेरच्या कवचात मोजक्याच ठिकाणी टेकवून जणू तरंगतं ठेवलं होतं. पडल्याचा दणका यंत्रापर्यंत पोचूच नये, हा विचार. जाड लोखंडापेक्षा मला तो जास्त पटतो. बजेट कमी असेल तर साधं डिजिटल घ्या, पण पाण्याचा आकडा बघून.

काचेबद्दल थोडक्यात. सफायर काचेवर चरे सहसा पडत नाहीत, पण ती ठिसूळ असते, कोपऱ्याला आपटली तर टवका उडतो. गवंडीकाम, सुतारकाम करणाऱ्यांना मी कवचाची कड काचेच्या वर आलेलं, साध्या मिनरल काचेचं घड्याळ सुचवतो. चरे पडतील, पण काच बदलायला स्वस्त पडते.

घड्याळ हरवतं मात्र पट्ट्याच्या पिनेमुळे. दोन्ही पिनांखालून जाणारा एकसंध नायलॉनचा पट्टा लावा. एक पिन तुटली तरी घड्याळ हातात राहतं. लेथवाल्या, ड्रिलवाल्या भावांनी मात्र मशीन सुरू करण्याआधी ते काढूनच ठेवायचं. असा पट्टा अडकला तर तुटून सुटत नाही, हातच आत ओढला जातो.