थोरल्या घराच्या वाटण्या

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी होळकरांवर बोललो तेव्हा एक काकू म्हणाल्या, जरा दुसरं काहीतरी घ्या आता, म्हणून यंदा विषय घेतलाय इंदूरच्या कॅथलिक धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या भागाचा. आपल्याला यातलं काय माहीत तर लाल चर्च आणि कॉन्व्हेंटच्या ॲडमिशनची लाईन. बस. पण याचं मूळ इंदूरात नाहीच, झाबुआकडे आहे. थांदल्याला 1896 मध्ये कॅपुचिन नावाच्या कॅथलिक संघाचे मिशनरी येऊन बसले, पाठोपाठ छप्पनियाचा दुष्काळ पडला, संवत 1956चा, म्हणजे इ.स. 1899-1900, आणि तो काळ त्यांनी भिलांमध्ये काढला. तेव्हा आपल्या इंदूरचं तर नाव पण नव्हतं यात.

मग 1932ला एसव्हीडी या दुसऱ्या कॅथलिक मिशनरी संघाचे लोक आले, 1935ला इंदूरचं वेगळं प्रीफेक्चर झालं, म्हणजे धर्मप्रांताच्या खालची पायरी समजा. यात जर्मन आणि ऑस्ट्रियन बरेच, त्यामुळे महायुद्ध लागलं तशी इंग्रजांनी त्यांना उचलून नजरकैदेत टाकलं. स्टीफन फुक्स पण त्यातलेच, त्यांनी निमाडातल्या बलाही समाजावर केलेला अभ्यास मानववंशशास्त्रवाले आजही काढून वाचतात.

1952ला पूर्ण धर्मप्रांत झाला आणि पहिले बिशप फ्रान्स सिमन्स, डच माणूस. यांच्यावर मी जरा थांबणार, कारण मला हा माणूस फार आवडतो. 1968ला यांनी पुस्तक लिहून विचारलं, की पोप चुकूच शकत नाही असं जे आपण म्हणतो त्याला पुरावा काय? बिशपने विचारलं हो हे! आपल्याकडे एखाद्या मठाधिपतीने गादीवर बसून गुरुपरंपरेचाच पुरावा मागावा, तसं झालं ते. 1971ला ते पदावरून गेले. नंतर जॉर्ज अनाथिल आले ते 2008पर्यंत, म्हणजे पस्तीसेक वर्षं एकच कर्ता माणूस.

पण खरी गंमत वाटण्यांची आहे. 1968ला उज्जैन वेगळं झालं, ते पण केरळच्या सिरो-मलबार या वेगळ्या कॅथलिक उपासनापद्धतीत गेलं, म्हणजे नुसती जमीन नाही, देवघर पण वेगळं. 1977ला खंडवा, 2002ला झाबुआ. म्हणजे ज्या भिलांच्या भागातून सगळं सुरू झालं त्याचाही वेगळा धर्मप्रांत झाला. आपल्याकडे वाटणी म्हटलं की कोर्टकचेरी, इथे मात्र माणसं आणि काम वाढलं की नवीन बिशप द्यायचा अशीच रीत आहे. आणि अनाथिल यांच्यानंतर 2008ला नेमले कोण, तर चाको थोट्टुमारिकल, जे झाबुआचे पहिले बिशप! धाकट्या घरचा कर्ता थोरल्या घरी आला.

यांच्याच काळात 4 नोव्हेंबर 2017ला सिस्टर राणी मारिया यांना इंदूरातच धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. उदयनगर भागात त्या शेतमजुरांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला धडपडायच्या, 1995ला इंदूरला येताना त्यांना बसमध्येच भोसकलं, मग बाहेर ओढून मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्या पण सिस्टरच, जेलमध्ये जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. मी हे घरी सांगितलं तर बायको म्हणाली, मला नसतं जमलं. मला पण नसतं जमलं.

2024ला थॉमस मॅथ्यू कुट्टीमॅकल बिशप झाले. आता प्रश्न असतील तर विचारा, चहा येतोच आहे.